शेअर बाजार: टिप नको, तुम्ही स्वतः हाताळलेलं सांगा

मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती, म्हणजे शेअर कागदाऐवजी ऑनलाइन ठेवायची खाती, ४ कोटींच्या आसपास होती, ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली. म्हणजे आपल्यातल्या खूप जणांनी याच काळात, मोबाइलवर, कोणी शिकवायला नसताना सुरुवात केली. शेअर घ्यायचा कसा ते दोन मिनिटांत कळतं हो, पण कंपनीचे बोनस शेअर आले, वडील गेले, परदेशी जायची वेळ आली की मग कोणाला विचारायचं तेच सुचत नाही. म्हणून हा धागा. कुठला शेअर घेऊ, टार्गेट काय, हे इथे प्लीज नको. तुमच्या घरात जे प्रत्यक्ष झालं ते लिहा, फॉर्मच्या नावासकट लिहा, कारण नेमकं तेच कोणी सांगत नाही.

सोलापूरची लेक

बाबा गेल्यावर कपाटात जुन्या शेअर सर्टिफिकेटांची फाइल निघाली, नव्वदच्या दशकातली, काही कंपन्यांची तर नावंही बदललेली. आई म्हणाली रद्दी आहे, टाक. मी नाही टाकली. एकेका कंपनीचा आरटीए शोधला, म्हणजे कंपनीचं शेअरहोल्डरांचं रजिस्टर सांभाळणारी संस्था, नाव कंपनीच्या साइटवर मिळतं. सर्टिफिकेटवरचा फोलिओ नंबर, म्हणजे त्या रजिस्टरमधला आपला खाते क्रमांक, देऊन मेल केला की शिल्लक किती ते कळतं.

१ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर करता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर होतात, त्याला ट्रान्समिशन म्हणतात, त्याचा फॉर्म आयएसआर-५. त्याआधी आईचं केवायसी आयएसआर-१ वर. सही जुळत नसेल तर आयएसआर-२, त्यावर बँकेच्या मॅनेजरची सही-शिक्का लागतो. हे आम्ही २०२३ मध्ये केलं, तेव्हा हातात नवीन सर्टिफिकेट न येता लेटर ऑफ कन्फर्मेशन आलं आणि ते १२० दिवसांच्या आत डिमॅटला लावायचं होतं, त्यामुळे आईचं डिमॅट आधीच उघडून ठेवलेलं बरं पडलं. एका सर्टिफिकेटवर बाबांचं नाव आजोबांच्या नावाशिवाय छापलेलं, त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र.

दोन कंपन्यांचे शेअर मात्र आयईपीएफकडे गेलेले निघाले. सलग ७ वर्षं डिव्हिडंड कोणी उचलला नाही तर शेअरही सरकारच्या त्या निधीत जमा होतात. पण ते बुडत नाहीत!! आधी कंपनीकडून एंटायटलमेंट लेटर घ्यायचं, मग आयईपीएफ-५ फॉर्म ऑनलाइन भरायचा आणि कागद कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे पाठवायचे. वेळ खूप लागतो. पाच-दहा टक्के द्या, आम्ही काढून देतो असे फोन येतात, त्यांच्या नादी लागू नका, एक प्रत घरी ठेवून सगळं स्वतः करता येतं. आईच्या नावावर शेअर जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा ती बाबांच्या फोटोसमोर जाऊन सांगून आली.

ठाण्याचा वकील

ताई, फार चांगलं लिहिलंत, यात एक भर घालतो. नॉमिनी, म्हणजे आपल्यानंतर शेअर कोणाच्या हातात द्यायचे त्याचं नाव, लावलाय म्हणजे मालक ठरला असं घराघरात समजतात. तसं नाहीये. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की शेअर नॉमिनीच्या हातात येतात पण मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. त्यामुळे धाकट्याला नॉमिनी केलं म्हणजे थोरल्याचा हक्क गेला असं होत नाही. नॉमिनी लावाच, कागद सोपे होतात, पण मृत्युपत्रही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि शेअर कुठे आहेत ते त्यात लिहा.

डोंबिवलीकर

रिलायन्सचा बोनस होता तेव्हाची गोष्ट, २८ ऑक्टोबर २०२४, सोमवार. सासऱ्यांचा सकाळीच फोन, अहो शेअर निम्म्यावर आला, विकून टाकू का? शुक्रवारी २६५५ च्या आसपास होता तो १३३० च्या घरात दिसत होता आणि बोनसचे शेअर अजून खात्यात आले नव्हते, त्यामुळे ॲपवर अर्धे पैसे गेल्यासारखंच दिसतं. त्यांना म्हटलं थांबा, एकाला एक बोनस आहे, शेअर दुप्पट होतील, भाव निम्मा, पैसे तेवढेच. काही दिवसांत आले खात्यात. दोन गोष्टी बऱ्याच जणांना माहीत नसतात, एक म्हणजे रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे बोनस कोणाला मिळणार ते ज्या तारखेच्या नोंदीवरून ठरतं त्या दिवशी घेऊन उपयोग नाही, टी प्लस वन असल्याने, म्हणजे घेतलेला शेअर पुढच्या ट्रेडिंग दिवशी नावावर होत असल्याने, किमान एक ट्रेडिंग दिवस आधी घ्यावा लागतो, आणि दुसरी म्हणजे बोनस शेअरची खरेदी किंमत टॅक्ससाठी शून्य धरतात, विकताना सगळा नफाच.

चिंचवडहून

माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहितोय, त्याला विचारून. कंपनीत कायम झाला आणि शिफ्ट संपल्यावर मित्रांबरोबर ऑप्शन्स, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावरचे ठरावीक मुदतीचे सौदे, सुरू केले. सुरुवातीला मिळाले, तेच वाईट झालं. मग एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपण्याच्या दिवशी रजा टाकायला लागला. प्रीमियम, म्हणजे सौद्यासाठी मोजलेले पैसे, शून्य होतो म्हणजे काय हे त्याला माहीत होतं, तरी पुढच्या आठवड्यात भरून काढू या एका वाक्यावर तो वर्षभर जगला. पतसंस्थेचं कर्ज काढलं, वहिनीचे दागिने गेले, आम्हाला कळलं ते पतसंस्थेचा माणूस दारात आल्यावर.

त्याला ओरडून काही उपयोग झाला नाही. सेबी या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल आम्ही दोघांनी बसून वाचला, त्यात आहे की तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तो गप्प बसला, म्हणाला मला वाटायचं मीच एकटा ढ आहे. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्या लाजेपायी तो कोणाला सांगत नव्हता. ब्रोकरकडे विनंती केली की एफ अँड ओ सेगमेंट बंद करून मिळतं, ते त्याने स्वतःहून केलं. कर्ज आम्ही भाऊ मिळून फेडतोय. तुमच्या घरात कोणी असं अडकलं असेल तर हिशोब मागायच्या आधी जवळ बसवा.

साताऱ्याहून, निवृत्त शिक्षक

आमच्या एका सहकाऱ्यांना व्हॉट्सॲप ग्रुपमधून ॲप पाठवलं, नाव मोठ्या परदेशी कंपनीसारखं, आयपीओ, म्हणजे नव्याने बाजारात येणाऱ्या कंपनीचे शेअर, हमखास मिळणार म्हणे. ॲपवर नफा रोज वाढताना दिसायचा. काढायला गेले तर आधी टॅक्स भरा. त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी एवढंच विचारलं, सर, सीडीएसएल किंवा एनएसडीएलचं, म्हणजे डिमॅटमधले शेअर प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या संस्थांचं, महिन्याचं स्टेटमेंट मेलवर आलंय का? त्यात शेअर नसेल तर तो शेअर नाहीच, ॲप काहीही दाखवो. आणि पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या बचत खात्यात भरलेले. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, शेवटची रक्कम पुढच्या खात्यात गोठवली गेली, आधीचे गेले. उशीर करू नका, प्रत्येक तास महत्त्वाचा असतो.

न्यू जर्सीवरून

इकडे येणाऱ्यांसाठी थोडक्यात. एनआरआय झालात की भारतातलं साधं बचत खातं आणि डिमॅट तसंच चालू ठेवता येत नाही, एनआरओ, म्हणजे एनआरआयसाठीच्या प्रकारचं खातं, करून घ्या. आणि अमेरिकेच्या टॅक्समध्ये भारतीय म्युच्युअल फंड पीएफआयसी, म्हणजे वेगळे कडक नियम असलेली परदेशी गुंतवणूक कंपनी, धरतात, दर फंडासाठी ८६२१ नंबरचा फॉर्म लागू शकतो, हिशोब किचकट आहे. विमानात बसायच्या आधी सीएला विचारा.

नाशिककर

मार्च महिन्यातला एक प्रश्न मला मैत्रिणी नेहमी विचारतात म्हणून इथेच लिहिते. लिस्टेड शेअर वर्षापेक्षा जास्त ठेवून विकले तर आर्थिक वर्षात १.२५ लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, त्याच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के, हे २३ जुलै २०२४ पासूनचं. म्हणून मी दरवर्षी तेवढा नफा होईल एवढेच शेअर विकते आणि पुन्हा घेते, म्हणजे खरेदी किंमत वर सरकते आणि पुढे टॅक्ससाठीचा नफा कमी धरला जातो. फक्त त्याच दिवशी त्याच खात्यात परत घ्यायचे नाहीत, तो इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसातली खरेदी-विक्री, धरला जातो, दुसऱ्या दिवशी घ्यायचे. मधल्या रात्रीत भाव हलतो तेवढी जोखीम आहेच. आणि विकताना दर कंपनीमागे डीपी चार्ज, म्हणजे डिमॅटमधून शेअर बाहेर काढायचं शुल्क, लागतो, त्यामुळे चार-पाच शेअरसाठी हा खटाटोप करू नका.