मदत हवी आहे: पंखाचा स्पार उकलला, वरून प्लाय मारली तर चालेल का?

होटगीकर:
घरी विमान बांधतोय, लाकडी पंख. काल स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई) नमुन्यावर वाळूची पोती ठेवली. नवव्या पोत्याला कडाड् आवाज झाला आणि स्पार उभा उकलला. दोन्ही बाजूंनी ६ मिमी प्लाय चिकटवली तर भागेल का? शनिवारी भाऊ पुण्याहून येतोय, तो असतानाच उरकायचंय. लवकर सांगा.

निवृत्त_फिटर:
कुठलं विमान? कुठलं लाकूड? गोंद कुठला? पोतं किती किलोचं?

होटगीकर:
पिटेनपोल एअर कॅम्पर. सगळं नकाशाप्रमाणेच आहे. प्लायचं सांगा ना.

प्लायवाला_बार्शी:
बिनधास्त मारा. फक्त प्लायचे तंतू ४५ अंशात ठेवा, कातर बल (थर एकमेकांवरून घसरवणारा जोर) नीट पेलतं. दुकानात कपाटाला मारतात तशी सरळ मारू नका. माझ्या गोदामाच्या छताच्या कैच्यांना असंच केलंय, हललं नाही काही.

निवृत्त_फिटर:
गोदाम उडत नाही हो. होटगीकर, नकाशात स्प्रूस असतं. तुमच्याकडे स्प्रूस आहे?

होटगीकर:
ते सोलापुरात कुठं मिळणार? आजोबांच्या वाड्याच्या तुळया होत्या, अस्सल सागवान. लांब फळी निघेना म्हणून ३ पट्ट्या इपॉक्सीनं चिकटवल्या.

निवृत्त_फिटर:
म्हणजे नकाशातलं फक्त माप घेतलंत! सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास, स्प्रूस सव्वाचारशेच्या आसपास. शिवाय सागवान तेलकट, गोंद सहज धरत नाही. उकललेल्या जागी लाकडाचे तंतू निघालेत की गोंदाचा थर काचेसारखा दिसतोय?

आभाळवेडी:
पंखाला पॉलिएस्टर कापड लावा, इस्त्रीनं आवळतं. सुती कापडाच्या भानगडीत पडू नका. रंग पांढराच द्या, आपल्या उन्हात गडद रंगाचे पंख तापतात आणि इपॉक्सी मऊ पडतं.

होटगीकर:
कापडाचं विचारलंच नाही ताई. फिटरकाका, गुळगुळीत आहे. शिकंजे तर मरेस्तोवर आवळले होते.

निवृत्त_फिटर:
तिथंच चुकलं. रिसॉर्सिनॉल नावाच्या गोंदाला दाब लागतो. इपॉक्सी इतकं आवळलं तर सगळं बाहेर येतं, सांधा कोरडा राहतो. चिकटवलं कधी?

होटगीकर:
दुपारी. पत्र्याच्या शेडमध्ये.

निवृत्त_फिटर:
एप्रिलात, सोलापुरात, पत्र्याखाली! वाटीतच घट्ट व्हायला लागलं असेल. प्लाय विसरा. सांधा आतून सुटलाय, वरून काही लावून उपयोग नाही.

प्लायवाला_बार्शी:
काका, तुम्हाला प्लायचा राग का? पेटी-स्पारला, म्हणजे पेटीसारख्या पोकळ स्पारला, बाजूंना प्लायच असते की.

निवृत्त_फिटर:
असते, पण वरखालच्या पट्ट्या धड असतात तेव्हा. वाकण्याचा भार त्या घेतात. लाकूड ताणापेक्षा दाबाला लवकर हार खातं, म्हणून वरची पट्टी बहुतेकदा जाड ठेवतात.

सिद्धेश्वरपेठ:
डीजीसीएची (विमान वाहतूक महासंचालनालय) परवानगी घेतली का बे? अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, नोंदणीला २०१७ उजाडलं. आणि उडवणार कुठून? सोलापूरच्या विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी २०२३ मध्ये पाडली, ती काय तुझ्यासाठी?

आभाळवेडी:
चिमणीचा विषय इथं नको, मागच्या वेळी धागा बंद पडला होता.

होटगीकर:
म्हणजे नवीनच करायचा? १५ दिवसांचं काम गेलं.

निवृत्त_फिटर:
नमुनाच गेला ना, पंख नाही. सरळ तंतूंचं, गाठ नसलेलं हलकं लाकूड बघा. तंतूंचा तिरपेपणा १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त नको. लांबीत जोड द्यावाच लागला तर १ ला १२ उताराचा तिरपा. रंधा मारल्या दिवशीच चिकटवा, पहाटे. मात्र लाकूड बदललं की स्पारचं माप पुन्हा हिशोबानं काढावं लागेल. आणि पोत्याचं वजन अजून सांगितलं नाहीत.

होटगीकर:
मोजलं नव्हतं. वखार रविवारी उघडी असते का?

प्लायवाला_बार्शी:
माझं दुकान असतं.