मदत हवी आहे: क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) ट्रेनीचा इंटरव्ह्यू आहे, एचपीएलसीला (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) हातही लावलेला नाही

नमस्कार, मी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, चिपळूणला. लोटे एमआयडीसीतल्या एका बल्क ड्रग (औषधांचा मूळ घटक बनवणाऱ्या) कंपनीत क्यूसी ट्रेनीसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलंय. आमच्या कॉलेजात एचपीएलसी नाहीच, थिअरी तेवढी झालीय, आणि सीनियर्स सांगतात की बिनधास्त ठोकून दे "हँडल केलंय" म्हणून, नाहीतर घेत नाहीत. पण समोरच्याने पुढचं काही विचारलं की मी गप्पच होणार ना. टायट्रेशन, पीएच मीटर, यूव्ही (स्पेक्ट्रोफोटोमीटर) एवढं मात्र स्वतः केलंय. दुसरं म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियम, इंग्लिश समजतं पण बोलताना अडखळते. शिफ्टचं विचारलं तर काय सांगायचं? कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद १
मी क्यूसीतच आहे, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो. ठोकून अजिबात देऊ नकोस, "कॉलम (मशीनमधली भरलेली नळी) कुठला वापरला, मोबाइल फेज (त्यातून वाहणारं द्रावण) काय होती" एवढ्यात पितळ उघडं पडतं. सरळ सांग, मशीन चालवलेलं नाही पण तत्त्व माहितीये, आणि मग ते नीट सांगता आलं पाहिजे: सी-१८ कॉलम नॉन-पोलर असतो म्हणून रिव्हर्स फेजमध्ये जास्त पोलर कंपाउंड आधी बाहेर येतं, वगैरे. फ्रेशरला आम्ही खरं तर टायट्रेशनवरच धरतो. सोडियम हायड्रॉक्साइड प्रायमरी स्टँडर्ड (नुसतं वजन करून ज्याचं अचूक द्रावण बनतं ते) का नाही? (हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, म्हणून केएचपीने, म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने, स्टँडर्डाइझ करायचं, म्हणजे नेमकी तीव्रता काढायची.) नॉर्मॅलिटी-मोलॅरिटीतला फरक, पीएच मीटर कॅलिब्रेट कसं करतात, इथे अर्धी मुलं आडवी होतात. आणि रजिस्टरमध्ये चुकीची एंट्री झाली तर काय करशील, हे विचारणारच. व्हाइटनर नाही, गिरवायचं नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. हे पाठ नको करू, का करतात ते समजून घे.
घरी सोडव: ०.१ एन सल्फ्युरिक ५०० मिली बनवायचंय, बाटलीतलं अ‍ॅसिड ९८ टक्के, डेन्सिटी १.८४. किती मिली घेशील?

प्रतिसाद २
इंग्लिशचं एवढं टेन्शन नको घेऊ गं. स्वतःची ओळख आणि प्रोजेक्ट इंग्लिशमध्ये तयार ठेव, बाकी अडलं तर "हिंदीत सांगू का सर" म्हणायचं, लॅबवाले काही खात नाहीत. शिफ्टला लगेच हो म्हणू नकोस आणि नाहीपण नको, रात्रपाळी असते का, बस कुठून सुटते ते आधी विचार.

धागाकर्ती
थँक्यू दादा, ताई! साधारण १.४ मिली आलं, आधी पाणी घेऊन त्यात अ‍ॅसिड हळूहळू. बरोबर ना? आणि दादा, हे बनवलेलं अ‍ॅसिड पण परत स्टँडर्डाइझ करावं लागतं, त्याला सोडियम कार्बोनेट चालेल का?

प्रतिसाद १
दोन्ही बरोबर. कार्बोनेट आधी ओव्हनमध्ये सुकवून घ्यायचं, तेही विचारतील.