मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हात अळ्यांवरून मृत्यूची वेळ कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, मानेवाड्याला राहते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय प्राणिशास्त्र. प्रोजेक्ट आहे प्रेतावरच्या माश्यांच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ काढण्याचा. त्यात अडकले आहे आणि विचारायला जवळपास कोणी नाही. कॉलेजात विषय सांगितला तेव्हा "हे किळसवाणं काय, फुलपाखरं घे" असं उत्तर मिळालं. पण मला हाच विषय करायचा आहे.

सुरुवात 'सीएसआय' या गुन्हे-तपासाच्या अमेरिकी मालिकेपासून झाली. पहिल्या सीझनमध्ये, डिसेंबर २०००च्या एका भागात, त्यातला तपास करणारा ग्रिसम ब्लँकेटमध्ये गुंडाळलेल्या प्रेतावरच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ काढतो. ती बाकीच्या पुराव्यांशी जुळत नाही. मग तो मेलेलं डुक्कर तसंच गुंडाळून ठेवतो आणि शेजारी बसून राहतो. ब्लँकेटमुळे माश्यांना आत शिरायला उशीर झाला, हे त्यातून कळतं. ते पाहून मला वाटलं, आपल्याकडे प्रेत सापडलं तर ते शेतात, नाल्यात, नाहीतर टिनाच्या खोलीत. आणि मे महिना असला तर?

म्हणून नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) प्रेताऐवजी पाव-पाव किलो कोंबडीची कलेजी डब्यांत घालून दोन ठिकाणी ठेवली. एक गच्चीवर, आजीच्या डालग्याखाली. दुसरी मागच्या अंगणात, कूलरच्या मागे, सावलीत. दहा मिनिटांत हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या माश्या आल्या. अंडी तांदळाच्या कणीसारखी, झुपक्याने घातलेली. गच्चीवरची कलेजी दुपारपर्यंत चामड्यासारखी झाली, अंडी जागीच वाळली, एकही फुटलं नाही. सावलीतली दुसऱ्या दिवशी सकाळीच फुटली होती.

तिसऱ्या दिवशी अळ्यांच्या गोळ्यात थर्मामीटर खुपसला तर हवेपेक्षा चार अंश जास्त! चौथ्या दिवशी रात्री सावलीतला डबा जवळजवळ रिकामा. मुंग्यांनी नेल्या म्हणून मी रडकुंडीला आले. पाचव्या दिवशी संध्याकाळी आईने तुळशीची कुंडी सरकवली, तर खाली तपकिरी कोष, गव्हाच्या दाण्यांसारखे. खाणं संपलं की अळी कोरडी जागा शोधत निघून जाते, हे वाचलं होतं, पण तेव्हा आठवलं नाही.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, हिशेबाची. रीत अशी वाचली: तापमानातून किमान मर्यादा (ज्याखाली अळीची वाढ थांबते ते तापमान) वजा करायची, उरलेल्याला तासांनी गुणायचं. मी मर्यादा १० अंश धरली. म्हणजे ३० अंशांत दिवसाचे ४८० अंश-तास, ४२ अंशांत ७६८. सोनेगावच्या हवामान वेधशाळेचं कमाल-किमान तापमान घेऊन सरासरीने गणित केलं. कोष व्हायला किती वेळ लागतो याचा पुस्तकातला तक्ता २७ अंशांचा. त्या हिशेबाने माझे कोष साडेतीन दिवसांचे निघतात. ते तर माझ्या डोळ्यांसमोर पाच दिवसांत झालेत! दीड दिवसाचा फरक म्हणजे खऱ्या केसमध्ये कोणी तेव्हा गावात होतं की नव्हतं, एवढा फरक. मला वाटतं, ठरावीक तापमानानंतर वाढीचा वेग वाढत नाही, उलट मंदावतो, आणि सरळ गुणाकार तिथेच फसतो. वरची मर्यादा किती धरावी? भारतात केलेल्या निरीक्षणांचे तक्ते कोणाकडे आहेत का?

दुसरी, ओळखीची. माशी बहुतेक क्रायसोमाया मेगासेफाला आहे, कारण नराचे डोळे मोठे नि लाल. पण काही अळ्यांच्या अंगावर काट्यांसारखे मांसल उंचवटे होते. त्या क्रायसोमाया रुफिफेसीजच्या असाव्यात. त्या इतर अळ्यांना खातात. असं असेल तर सगळ्यात आधी आलेल्या अळ्या, म्हणजे आपलं खरं घड्याळच, पोटात जाणार. खऱ्या तपासात हे कसं ओळखतात?

तिसरी अडचण म्हणजे सरळ माझी चूक. अळ्यांचे नमुने जिवंतच मेडिकलमधून आणलेल्या स्पिरिटमध्ये टाकले. दोन दिवसांत काळे पडून आक्रसले. आधी कढत पाण्यात बुडवून मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचे, हे नंतर कळलं. लांबीवरून वय काढायचं, त्यामुळे ती मापं बाद. मात्र मागच्या टोकाच्या श्वसनरंध्रांतल्या फटी अजून दिसतात: दोन असल्या की अळीची दुसरी अवस्था, तीन असल्या की तिसरी. एवढ्यावर नमुने वापरता येतील का?

येत्या मंगळवारी, पाऊस लागायच्या आत, पुन्हा कलेजी ठेवणार आहे. या वेळी एक वाटा जुन्या चादरीत गुंडाळून, आणि तापमान डब्याशेजारीच दर तासाला लिहून. रात्रीची पाळी भाऊ करतो म्हणाला आहे. त्याआधी कोणी वरच्या मर्यादेचं तेवढं सांगितलं तर फार उपकार होतील. फोटो मागितले तर लगेच टाकते.