युवारीच्या जंगलात तंबू : जानेवारी की एप्रिल?

शार्लटकर: मुलगी अकरा वर्षांची, पहिल्यांदाच पाठीवर बॅग घेऊन रानात मुक्काम करायचा म्हणतेय. नॉर्थ कॅरोलायनातलं युवारी राष्ट्रीय वन आम्हाला जवळ, पण नकाशात उंची हजार फुटांच्या आसपासच दिसते. ऑफिसातले म्हणतात, डोंगर बघायचेत तर पश्चिमेच्या उंच डोंगरांतलं ॲशव्हिल शहर गाठ. युवारीत राम आहे का? आणि कधी जावं, जानेवारीत की एप्रिलमध्ये?

रानवाट: ऑफिसवाल्यांना जाऊ द्या ॲशव्हिलला, तेवढीच इथली गर्दी कमी! युवारीचे डोंगर पन्नासेक कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे. सह्याद्रीचा कातळ त्यापुढे अगदीच पोर, साडेसहा कोटींचा. युवारीचे डोंगर झिजून झिजून एवढेच उरलेत. पण कमी उंची बघून फसू नका. वाट सारखी ओढ्यात उतरते, पुन्हा चढते, आणि पाचोळ्याखाली पांढऱ्या गारगोट्या दडलेल्या असतात. पाय मुरगळतो तो तिथेच. घोट्यापर्यंतचे बूट घाला.

मी तर जानेवारीच म्हणेन. पानं झडलेली, त्यामुळे झाडांतून पलीकडच्या रांगा दिसतात. गोचिडांचा त्रास नसल्यात जमा. बेडिन तलावाकडच्या जीपच्या वाटाही डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेर बंद, म्हणजे घरघर नाही. थंडी मात्र शून्याखाली जाते, स्लीपिंग बॅग त्या मानाने घ्या.

ट्रॉय-अल्बमार्ल दरम्यान २४/२७ नंबरच्या रस्त्यावर गाडी लावा. युवारी ट्रेल या पायवाटेच्या खुणा पांढऱ्या, डचमन्स क्रीक वाटेच्या पिवळ्या. दोन्ही मिळून इंग्रजी आठाचा आकडा होतो. पोरगी दमली तर मधल्या फुलीवरून वाट बदलायची, अर्ध्यात परत. वाटेवरच्या साध्या मुक्कामाला परवाना, पैसे काही नाही.

कातळवेडा: नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर भडक नारिंगी जाकीट हवंच, हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. परतताना मॉरो माउंटन स्टेट पार्कला डोकवा, ९३६ फुटांच्या माथ्यापर्यंत गाडी जाते. तिथल्या रायोलाइट या ज्वालामुखीच्या दगडापासून मूळ रहिवासी हजारो वर्षं भाल्याची टोकं घडवत. ढलप्या अजून दिसतात. उचलू नका, मनाई आहे.

शार्लटकर: जानेवारी पक्का. ओढ्याचं पाणी पिता येईल?

रानवाट: गाळून किंवा उकळूनच. उन्हाळ्यात ओढे आटतात, जानेवारीत सहसा वाहते असतात. तरी पहिल्या दिवसापुरतं घरून न्या.