तारांता आत्याच्या नावाचा उलगडा

शिरीष: लांब लिहितोय पण सगळ्यांनी वाचाच. आत्याचं नाव आधारवर तारामती करून ठेवलंय आणि परवा पेन्शनचं काम परत त्यावरूनच अडलं, म्हणून काल माळ्यावरची आजोबांची पेटी काढली. तर त्यात डिसेंबर 1943 चं पत्र निघालं, घड्यांवर फाटलेलं, शाई फुटलेली, पण एक ओळ स्पष्ट लागते, "मुलीचे नाव तारांता ठेवावे", नावाखाली दोन रेघा

सुमन काकू: अगंबाई! सासूबाई म्हणायच्या तारा लिहिताना हात घसरला असेल, म्हणून घरात ताराच पडलं

शिरीष: हात नाही घसरला काकू. इटलीत बंदर आहे, टारांटो, तिकडचे लोक तारांतो म्हणतात, नकाशातल्या बुटाच्या टाचेपाशी. मुसोलिनीच्या आरमाराचा मोठा तळ, नोव्हेंबर 1940 मध्ये इंग्रजांच्या 21 विमानांनी एका रात्रीत तिथल्या 3 युद्धनौका निकामी केल्या. सप्टेंबर 1943 ला इटली शरण आली आणि त्याच महिन्यात आपली 8 वी इंडियन डिव्हिजन तिथंच उतरली, 1/5 मराठा, म्हणजे 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, त्यातच, तीच आजोबांची पलटण

बाळूकाका: नाव जुळलं म्हणून लगेच तेच कसं रे

शिरीष: काका ती पुलाची गोष्ट आठवती का

बाळूकाका: मधोमध दुभंगून दोन्हीकडं फिरतो आन् मधनं जहाज जातं, ती? सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी बसून सांगायचे की, आम्हाला वाटायचं पोरांसाठी रंगवून सांगतेत

शिरीष: तो पूल तारांतोचाच आहे काका! पहिला 1887 चा, 1958 ला नवा केला, अजून तसाच फिरतो. आणि लढाईवरनं पत्रात ठिकाण लिहायला बंदी होती, सेन्सॉर खोडून टाकायचा. मला तर वाटतं त्यांना आजीला कळवायचंच होतं कुठं उतरलो ते, गाव लिहिता येईना म्हणून पोरीच्या नावात घातलं

सुमन काकू: डोळ्यात पाणी आलं रे

अमृता: आत्याला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ पदराचं टोक चोळत बसली, मग म्हणाली, आईला शेवटपर्यंत हे समजलंच नाही का गं. शाळेचा दाखला तिनं जपून ठेवलाय, त्यावर तारांताच आहे, आधारवर तेच करून घ्या म्हणते. आणि त्या पुलाचा फोटो मोठा काढून आण, मोबाईलवर दिसत नाही तिला

बाळूकाका: दाखल्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेव, गुरुवारी मी येतो सोबत