फ्लूनंतरचा अशक्तपणा आणि मांडीचे स्नायू
फ्लू उतरूनही आपल्या वडिलांना बाजेवरून हात टेकल्याशिवाय उठता येत नाही, आणि परभणीत सगळे सलाइन लावायला सांगतात, असे आपण लिहिले आहे. त्याबाबत थोडी भर घालतो.

विषाणू श्वसनमार्गात असला तरी त्याच्याशी लढताना रक्तात वाढणारी इंटरल्युकिन-६ सारखी द्रव्ये स्नायूंतील प्रथिनांची झीज वाढवतात, आणि त्यात मंदावलेली भूक व अंथरुणावर पडून राहणे यांची भर पडली की उतारवयात मांड्या लवकर आटतात. अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या २०१३ सालच्या एका अभ्यासात तर दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. घरच्या आजारपणात इतकी झीज सहसा होत नाही, पण दिशा तीच असते.

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या लिटरभर सलाइनमध्ये ५० ग्रॅम साखर असते, प्रथिने मुळीच नसतात. शरीरातील पाणी कमी झाले असेल तर ते जरूर द्यावे, मात्र त्याने स्नायू भरून येत नाहीत. आजारी वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर भाकरीबरोबर घट्ट वरण, अंडी, दही, शेंगदाण्याची चटणी वाढवावी. सोबत खुर्चीवरून उठ-बस थोडी थोडी सुरू करावी, आणि दुसऱ्या दिवशी थकवा उलट वाढला तर ती कमी करावी.

स्नायू फार दुखत असतील आणि लघवी चहासारखी गडद होत असेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण स्नायू विरघळून मूत्रपिंडाला इजा होण्याचे ते लक्षण असू शकते.