लग्नाला दहा आठवडे, ब्लाउजची बाही दंडात घट्ट – मदत हवी आहे

मी लातूरची, वय २७, उंची ५ फूट २ इंच, वजन ६४ किलो. चार किलो उतरले तरी पुष्कळ, पण खरी काळजी दंडांची आहे. शालूवरचा ब्लाउज शिवून आलाय. हात वर केला की बाहीची शिवण ताणते. आत अर्धा इंच माया आहे, ती उसवायची वेळ येऊ नये एवढंच वाटतं.

महिनाभर रोज पाऊण तास चालते, चहातली साखर बंद, रात्री एकच ज्वारीची भाकरी आणि वरण. दीड किलो उतरलं, आता दोन आठवडे काटा हलत नाही. थायरॉईड, हिमोग्लोबिन ठीक आहे.

स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र, भाजीत शेंगदाण्याचा कूट असतोच. वेगळं शिजवणं जमणार नाही. अंडी चालतात, चिकन-मटण नाही. पावडरी, गोळ्या नकोत. जिम शक्य नाही, घरी दोन-दोन किलोचे डंबेल्स आहेत. ऊन फार, म्हणून वेळ सकाळी सहा ते सातच. शिवाय केळवणं सुरू होतील, तिथे पुरणपोळीला नाही म्हणवत नाही.

नुसत्या दंडावरची चरबी वेगळी उतरत नाही, हे कळलंय. मग त्या एका तासात चालणं किती आणि डंबेल्स किती ठेवू? आणि घरच्याच ताटात प्रथिनं कशी वाढवू?